सकाळचा खोटा मेसेज

आमच्या दूध संघाचा सर्व्हर ज्या खोलीत आहे, तिथं पूर्वी पशुखाद्याची पोती रचलेली असायची. आजही हवा दमट झाली की खोलीला सरकी पेंडीचा वास येतो. मी रोज सकाळी तेरहून एसटीनं धाराशिवला येते, त्या खोलीत बसते आणि कुणी विचारलंच तर ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगते. पुण्यात सहा वर्षं मोठमोठे सर्व्हर सांभाळून आलेल्या बाईनं खरं तर याहून जास्त सांगायला हवं. पण सांगितलं की समोरचा विचारतो, “म्हणजे डेटा एन्ट्री का?” आणि मग माझं डोकं फिरतं. माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते.

संघाची जिल्ह्यात चौदा केंद्रं. गावातले लोक सकाळ-संध्याकाळ तिथं दूध आणून घालतात. ते एका स्टीलच्या टाकीत चार अंशांपर्यंत थंड होतं आणि मग टँकर येऊन घेऊन जातो. प्रत्येक टाकीला एक तापमापक आहे आणि सिमकार्ड घातलेली एक डबी. ती डबी दर पाच मिनिटांनी टाकीचं तापमान आमच्या सर्व्हरला कळवते. ही सोय मी येण्याआधीपासून होती. फक्त ते आकडे कुणी बघत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात दोन केंद्रांवरच्या टाक्या नासल्या, तेव्हा सर्व्हर उघडून पाहिला तर आकडा चार-चार तास आधीपासून चढत होता. व्यवस्थापक साहेब मला म्हणाले, “आकडा येतोय, पण बोंब मारत नाही. तुम्ही त्याला बोंब मारायला शिकवा.”

हे काम मला मनापासून आवडलं. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि लिनक्समध्ये क्रॉन नावाची एक जुनी सोय आहे. अमुक वेळेला अमुक काम कर, असं एका ओळीत लिहून ठेवलं की ते करत राहतं. चहा मागत नाही, रजा टाकत नाही, ‘बघू की’ म्हणत नाही. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली आणि ती दर पाच मिनिटांनी चालेल अशी क्रॉनमध्ये लावली. प्रत्येक केंद्राचा आकडा आला का, तो चारच्या वर आहे का, सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालू आहेत का, डिस्कवर जागा किती उरली, हे सगळं ती तपासणार. काही बिनसलं की त्या केंद्राच्या चालकाला, मला आणि साहेबांना मेसेज. पहिल्यांदा ती बिनचूक चालली तेव्हा मी त्या पेंडीच्या वासात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग चालकांना समजावून सांगायला मी केंद्राकेंद्रावर फिरले. शेवटचं केंद्र वाशीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. ते एक काकू सांभाळतात. वय पन्नाशीच्या पुढं, पदर खोचलेला, आणि बोलताना एक हात सतत कॉम्प्रेसरवर ठेवलेला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. त्यांच्या टाकीत आजवर एकदाही दूध नासलेलं नाही, हे मी ऑफिसात ऐकून होते.

त्या दिवशी साहेबही माझ्याच जीपमध्ये होते. त्यांनी काकूंना माझ्यासमोरच सांगितलं, की तुमची टाकी निम्मी रिकामीच असते, केंद्र परवडत नाही. या उन्हाळ्यात इथं एकदा जरी दूध नासलं तर केंद्र बंद, आणि इथलं दूध अठरा किलोमीटरवरच्या हायवेच्या मोठ्या केंद्रात जाईल. न नासलं तरी पावसाळ्याआधी बैठकीत विचार होणारच. म्हणजे काकूंची नोकरी जाणार, हे उघड होतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तिथं दूध घालणाऱ्या बहुतेक बाया आसपासच्या वस्त्यांवरच्या. कुणाची एक म्हैस, कुणाच्या दोन. डोक्यावर चरवी घेऊन चालत येणाऱ्या. अठरा किलोमीटर त्या कशानं जाणार? दूध घालणंच बंद होणार आणि मग म्हैसही दावणीला राहणार नाही. काकू सगळं ऐकून “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

चहा पिताना त्यांनी मला विचारलं, “ह्यो मेसेज नेमका कवा येणार म्याडम?”

“दूध चार अंशांच्या वर गेलं की.”

“मंग रोजच येणार की. म्हशीच्या कासेतनं दूध काय थंड निघतंय व्हय?”

मी जरा ताठ्यातच म्हणाले, की त्याचा विचार केलेला आहे. अजिबात केलेला नव्हता. ज्या बाईनं दोन वाक्यांत माझ्या स्क्रिप्टमधली चूक काढली, तिला मी थाप मारून परत आले.

झालं त्या म्हणाल्या तसंच. सकाळी साडेसहाला कोमट दूध टाकीत पडायचं, आकडा चारच्या वर उडी मारायचा आणि चौदा केंद्रांचे मेसेज माझ्या फोनवर कोसळायचे. तासाभरात दूध थंड झालं की सगळं शांत. संध्याकाळी पुन्हा तोच गोंधळ. चालक वैतागले. एकानं तर मला फोन करून विचारलं, की तुमचं यंत्र रोज सकाळी उठून शिमगा का करतंय. मी चालकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘लवकरच दुरुस्त करते.’ दुरुस्ती सोपी होती, दूध घालायच्या वेळेत दोन तासांची सूट द्यायची. पण आज करू, उद्या करू म्हणत ती राहिली आणि माझ्या अंगठ्याला मेसेज न वाचता पुसून टाकायची सवय लागली. बोंब मारायला शिकवणारी मीच, आणि कानात बोळे घालून बसणारीही मीच.

त्या पुसलेल्या मेसेजांमध्ये दोन वेगळे होते. ‘डिस्क भरत आली आहे’ असं सांगणारे. चाचणीच्या वेळी मी स्क्रिप्टला बारीकसारीक सगळं लिहून ठेवायला सांगितलं होतं, ते बंद करायला विसरले होते. ती दर पाच मिनिटांनी पानंच्या पानं लिहीत होती. एका पहाटे डिस्क पूर्ण भरली, नवीन ओळ लिहायला जागा उरली नाही आणि स्क्रिप्ट मुकाट्यानं बंद पडली. डिस्क भरली तर मला सांग, हे काम मी त्याच स्क्रिप्टला दिलेलं होतं. पुण्यात मी ज्युनिअर पोरांना असल्या चुकीसाठी फाडून खाल्लं असतं.

तो मे महिना होता, ऐन लगीनसराई. सकाळी एसटीत बसले तेव्हा फोन गप्प होता. मला बरं वाटलं. का गप्प आहे, हा प्रश्न मनात आला नाही, हे कबूल करायला आजही लाज वाटते. बाकीच्या चालकांना वाटलं, म्याडमनी दुरुस्त केलं. ग्रुपवर दोघांनी हात जोडलेलं चित्रही टाकलं. मी तेही पाहिलं आणि सर्व्हरच्या खोलीत शिरून आधी पंखा लावला.

साडेनऊला काकूंचा फोन आला.

“म्याडम, तब्येत बरी हाय का?”

“बरी आहे. का हो काकू?”

“न्हाय, आज मेसेज आला न्हाय. रोज दूध वतलं की तुमचा मेसेज येतो. आज दूध वतून तीन तास झालं. म्हनलं, म्याडम आजारी हायत का काय.”

“अहो, तो मेसेज खोटाच असतो. बाकीचे खूश आहेत.”

“खोटा असंना. रोज येतो न्हवं? तुमी बंद करणार असता तर आदी सांगितलं असतं. न सांगता बंद पडलं म्हंजे कायतरी झालंय.” मग जरा थांबून म्हणाल्या, “माझी लेक-जावई ऊसतोडीला जातेत. लेक रोज सांजच्याला एक मिस कॉल देती. उचलायचा न्हाय. मिस कॉल आला म्हंजे पोरं जेवली, समदं बरं हाय. ज्या दिवशी आला न्हाय, त्या दिवशी मी लावते. तसं केलं बगा.”

मी फोन कानाला धरूनच सर्व्हर उघडला. डिस्क शंभर टक्के. स्क्रिप्ट पहाटे चारपासून मेलेली. जुन्या नोंदी पुसल्या, जागा केली, स्क्रिप्ट हातानं चालवली. पहिलाच मेसेज आला हायवेच्या मोठ्या केंद्राचा. टाकी अकरा अंशांवर.

तिथल्या चालकाला फोन लावला तर मागं बँड वाजत होता. ते मेहुण्याच्या लग्नात होते. “म्याडम, मेसेज आला असता तर निघालो असतो की!” असं ते ओरडून सांगत होते आणि त्यांच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं. केंद्रावर एक वयस्कर मदतनीस होते. टाकी बंद दिसली तेव्हा त्यांना वाटलं लाईट गेलीय, येईल. लाईट होती. कॉम्प्रेसर जळाला होता.

टँकर सोलापूरच्या रस्त्यावर होता, यायला चार तास. दूध तेवढा वेळ टिकणार नव्हतं. साहेब माझ्या खोलीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ओतून द्यावं लागणार.” तेव्हा मला ती निम्मी रिकामी टाकी आठवली. दूध काकूंकडं हलवू, असं मी साहेबांना म्हणाले आणि म्हणता म्हणताच जीभ चावली. काकूंच्या टाकीत त्यांच्या बायांचं सकाळचं चांगलं दूध होतं. त्यात हे तापलेलं दूध ओतायचं आणि सगळंच नासलं तर? या उन्हाळ्यात एकदा जरी नासलं तर केंद्र बंद, हे त्यांना सांगितलेलं होतं. आणि ज्या केंद्रासाठी त्यांचं केंद्र मोडायचं होतं, त्याच केंद्राचं हे दूध.

“विचारा त्यांना,” साहेब म्हणाले. “पण जबाबदारी त्यांची.”

माझं डोकं फिरलंच. मी म्हणाले, जबाबदारी माझी आहे, सर्व्हर माझा बंद पडलाय, तसं लिहून देते. मी काकूंना फोन केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. तुमची टाकी धोक्यात येईल हेही सांगितलं. नाही म्हणालात तरी कुणी बोट दाखवणार नाही, असं म्हणाले.

काकू म्हणाल्या, “पिकअप पाठवा. पण म्या एकेक कॅन भगुल्यात उकळून बगणार. फाटलं तर त्यो कॅन माझ्या टाकीत न्हाय. मग कुणी मोठ्या साहेबांचा फोन आला तरी न्हाय.”

पिकअपमधून सोळा कॅन आले. काकूंनी दारातच गॅसची शेगडी मांडली. प्रत्येक कॅनमधलं वाटीभर दूध उकळलं, वास घेतला, चव घेतली. तेरा कॅन घेतले. तीन फिरवले. ते तीन टाकीतले नव्हतेच, सकाळी उशिरा आलेले आणि टाकी बंद म्हणून उन्हातच ठेवलेले होते. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्हाला ते संध्याकाळी चौकशीत कळलं.

मी त्या वेळात धाराशिवला पडद्यासमोर बसून होते आणि त्यांच्या टाकीचा आकडा बघत होते. चार. मग पाच पूर्णांक दोन. मग आकडा थांबला, हळूहळू खाली आला, साडेचार झाला. मग पुन्हा वर. पुन्हा खाली. त्यांनी सगळं दूध एकदम ओतलं नव्हतं. थोडं ओतायचं, कॉम्प्रेसरवर हात ठेवायचा, त्याचा आवाज निवळला की पुढचं ओतायचं. आलेखावर त्या ओतण्याच्या पायऱ्या दिसत होत्या, अगदी सारख्या. एवढी वर्षं मी आलेख बघतेय, पण एखाद्या माणसाचं कसब असं आकड्यांत उमटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलेख बघून रडणारी बाई म्हणून मला कुणी हसलं तरी चालेल.

स्क्रिप्ट मात्र आपलं काम चोख करत होती. आकडा चारच्या वर, म्हणून दर पाच मिनिटांनी काकूंना मेसेज. पाचव्या मेसेजनंतर त्यांचा फोन आला. “म्याडम, तुमचं यंत्र लई वरडायलंय. त्येला सांगा, मी हितंच हाय.”

मी हसले आणि त्यांच्या केंद्राचे मेसेज तासाभरासाठी थांबवले. ‘माणूस हजर आहे, आता ओरडू नकोस’ असं सांगायची सोय स्क्रिप्टमध्ये नव्हती. ती मी दुसऱ्या दिवशी घातली.

टँकर दुपारी पोचला तेव्हा टाकी चार अंशांवर होती. टँकरवाल्यानं तपासून दूध भरून घेतलं. काकूंनी टाकी धुवायला घेतली, कारण संध्याकाळच्या बाया यायची वेळ होत आली होती.

पुढच्या आठवड्यात मी सगळं नीट केलं. नोंदी रोजच्या रोज छाटल्या जातील अशी व्यवस्था लावली. डिस्कची तपासणी वेगळी काढली. आणि सर्व्हर रोज सकाळी सात वाजता ‘मी ठीक आहे’ असा एक मेसेज पाठवू लागला. तो आला की नाही हे दुसऱ्याच एका मशीनवरून तपासलं जातं. ते मशीन आमच्या इमारतीतही नाही. आला नाही, तर तेच माझ्या फोनवर बोंब मारतं. हे तंत्र काही मी शोधलेलं नाही, जगभर असंच करतात आणि पुण्यात मीही केलं होतं. इथं आल्यावर मात्र वाटलं, एवढ्याशा दूध संघाला कशाला हवंय ते. त्याची गरज मला ऊसतोडीला लेक पाठवणाऱ्या बाईनं समजावून दिली. दूध ओतल्यावर येणारा सकाळचा तो खोटा मेसेजही मी काढून टाकला नाही. आता त्यात ‘धोका’ असं येत नाही, ‘दूध ओतणं सुरू’ असं येतं.

पावसाळ्याआधी बैठक झाली. माझ्या अहवालाची पहिली ओळ होती, ‘चूक माझी.’ साहेब म्हणाले, एवढं ठळक लिहायची गरज नाही. मी म्हणाले, आहे. खाली काकूंच्या टाकीचा पायऱ्यांचा आलेख जोडला. संचालकांपैकी एक वयस्कर शेतकरी होते. त्यांना आलेख काही कळेना. मग मी उभी राहून एकेक पायरी सांगितली. कुठं ओतलं, कुठं थांबल्या, कुठले कॅन परत पाठवले. मग त्यांनीच विचारलं, “ती टाकी रिकामी नसती तर त्या दिवशीचं दूध कुठं घातलं असतं?” केंद्र चालू ठेवायचं ठरलं. साहेबांनीच ठरावाची वाक्यं सांगितली. त्यांचं हे मोठेपण मी विसरणार नाही.

बैठकीतून बाहेर पडल्याबरोबर मी काकूंना फोन लावला. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. मागं बायांचा गलका ऐकू येत होता. मी एका दमात सांगून टाकलं, “काकू, केंद्र बंद होत नाही. ठराव झाला.”

गलक्यात त्यांना ऐकू गेलं नसावं, असं मला वाटलं. “ऐकू येतंय ना?”

“येतंय,” त्या म्हणाल्या. आवाज फार बारीक झाला होता. “लई बरं झालं बगा.”

“मग सांगा की बायांना! आहेत ना सगळ्या तिथं?”

“त्यांला काय सांगू?” काकू पदर तोंडाशी धरून बोलल्यासारखं हळू बोलल्या. “केंद्र बंद व्हायचंय, हे म्या त्यांला सांगितलंच न्हवतं.”

जीपमधून उतरून साहेबांनी तो इशारा दिला, त्याला तीन महिने झाले होते. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच बाया, तोच काटा, तीच टाकी. मी इथं चौदा केंद्रांना दर पाच मिनिटांनी जागं करत होते.

“त्यांच्या हातात काय हुतं म्याडम? उगं रातभर झोपल्या नसत्या. येखादीनं भिऊन म्हैस इकली असती. माझ्या हातात टाकी हुती, म्हनून मलाच म्हाईत असलेलं बरं.”

तेवढ्यात मागून एक बाई खेकसली, की काकू, फोनवर काय बोलत बसलात, माझी चरवी कवापासनं उन्हात हाय. दुसरी म्हणाली, आधी माझा नंबर आहे. दोघींची जुंपली.

“आले, आले,” काकू त्यांना म्हणाल्या, आणि माझा निरोप न घेताच त्यांनी फोन ठेवला.